पारूबाई आणि बरणीतलं पोर

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात पारूबाईंची सासू वारली.

म्हणजे तसं त्यांनी मला सांगितलं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. पहिलं प्रॅक्टिकल, मुलं एप्रन घालून ताटकळत उभी, आणि बेडूक आणून देणाऱ्या लॅब अटेंडंटचा पत्ता नाही. त्या उगवल्या दोन दिवसांनी. ठेंगण्या, सावळ्या, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोळ्यांना पदर. "सासू गेली हो मॅडम. घास तोंडात व्हता तशीच गेली. शेवटचं माना काय बोल्ली? पारू, आज सुकट करपली गो." ही करपलेली सुकट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका बारीक तपशील कोण कशाला खोटा सांगेल! मी त्यांना बसवलं, चहा पाजला, वर आणखी चार दिवस रजा घ्या म्हणून आग्रह केला.

पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या जिन्यात एक वाकलेली म्हातारी धापा टाकत बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. "पारूचा डबा ऱ्हायला घरी. मी सासू तिची," म्हातारी म्हणाली. मी तिला हाताला धरून तडक लॅबमध्ये नेलं. पारूबाईंनी सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डबा हातात घेत अगदी शांतपणे म्हणाल्या, "गेली व्हती मॅडम. पन तिचा आमच्यावर लय जीव. परत आली."

यावर काय बोलणार, कपाळ! मला हसू आवरेना. मी हसते म्हणून म्हातारीही बोळकं उघडून हसली.

पारूबाई थापा मारत. उशीर झाला की थाप, बीकर फुटला की थाप, आणि काहीच झालं नसलं तरी करमत नाही म्हणून थाप. म्हैस व्यायली, भाऊ विहिरीत पडला, विठ्ठलवाडी डेपोत बसनं पेट घेतला. थापेच्या आधी ठरलेलं वाक्य यायचं, "खोटं कशाला बोलू मॅडम?" ते वाक्य आलं की आम्ही सगळे खुर्च्या सरसावून बसायचो. त्यांच्या थापांवर कोणाचाही विश्वास नसायचा आणि त्या ऐकायला सगळ्यांना आवडायच्या. विद्यार्थी तर मुद्दाम विचारायचे, "पारूमौसी, कल क्यूं नहीं आयी? सच बोलना हां!" मग मौसी सांगायच्या.

राहायला त्या अंबरनाथच्या मोरिवलीत. घरची भातशेती होती, ती कारखान्यांत गेली. शेतीच्या बदल्यात नवऱ्याला एका कंपनीत चिकटवलं, पुढे ती कंपनी बंद पडली आणि नवरा घरी बसला, तो बसलाच. कमावणाऱ्या या दोघी, पारूबाई आणि त्यांची मुलगी विमल. विमल घरी शिवणयंत्रावर कंबर मोडेस्तोवर उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांचे परकर शिवायची. एवढ्या सगळ्या रगाड्यात बाईंनी थापा मारल्या नसत्या तर दुसरं काय केलं असतं, असं मला पुढे पुढे वाटायला लागलं.

आमच्या विभागाला एक संग्रहालय होतं. एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि फळ्यांवर फॉर्मॅलिननं भरलेल्या काचेच्या बरण्या. ते सगळं तलरेजा सरांनी उभं केलेलं. तलरेजा सर आमचे विभागप्रमुख. लहानपणी निर्वासितांच्या छावणीत वाढलेले. कॉलेजकडे बाकं घ्यायला पैसे नव्हते, तेव्हापासून हा माणूस सुट्टीत किनाऱ्यावर फिरून शिंपले, मासे, समुद्री साप गोळा करून आणत होता. संग्रहालयावर त्यांचा जीव होता. कोणी पाहुणा आला की आधी खोली दाखवायची आणि मग चहा.

ती खोली झाडण्यापुसण्याचं काम पारूबाईंचं. त्यांना त्या बरण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मुशीची बरणी पुसताना म्हणायच्या, "काय झकास कालवन जालं असतं इचं! सरांनी वाया घालवली." वाम बघून त्यांना भूक लागायची. नागाच्या बरणीला त्या येताजाता टपली मारायच्या आणि "सरक की मेल्या" म्हणायच्या. काचा पुसायचं फडकं आणि टेबल पुसायचं फडकं एकच. सर ओरडायचे, त्या हो म्हणायच्या आणि परत तेच करायच्या.

शेवटच्या फळीवरच्या एका बरणीला मात्र त्या तसा हात लावत नसत. त्या बरणीत माणसाचं मूल होतं.

पूर्ण दिवसांचं. हातापायांची नखंसुद्धा आलेली. कपाळाच्या वर मात्र डोकं घडलेलंच नव्हतं. मेंदूची वाढ न होता जन्मलेली अशी मुलं जगत नाहीत. सरांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ते फार पूर्वी दिलेलं. पुढे डॉक्टर वारले, त्यांचं प्रसूतिगृह मोडलं. मूल कोणाचं, आईबापांना विचारलं होतं का, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. विचारलं नसणारच. त्या काळी असं मूल झालं की घरची मोठी माणसं आईला तोंडही दाखवत नसत, माया लागते म्हणून. "तुम्हीच काय ते बघा" म्हणून आयाच्या हाती द्यायचे आणि बाईला घरी न्यायचे. संपलं.

पारूबाई त्या बरणीवर पांघरूण घालायच्या. जुन्या लुगड्याचा तुकडा, धुऊन मऊ झालेला. सर तो काढून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तो परत बरणीवर. "पारू, ये क्या लगाया है?" सर विचारायचे. "खोटं कशाला बोलू सर, उनानं पानी पिवलं पडतं," असं त्या सांगायच्या. खोलीत ऊन म्हणून येतच नव्हतं. शेवटी सरांनी कंटाळून तोड काढली. वर्ग असेल तेव्हा पांघरूण काढायचं, एरवी राहू दे.

मुलांमध्ये कुजबूज होती की ते मूल पारूमौसीचंच आहे. मलाही एकदा तसं वाटलं आणि मी सरळ विचारलं. त्या काच पुसत होत्या. फडकं थांबलं.

"माजं असायला कशाला पायजे, मॅडम?" त्या म्हणाल्या. "मानसाचं हाय ना? मासली हाय का ती? मेलेल्याना मातीत घालतात का फलीवर ठेवतात?"

मी प्राणिशास्त्राची. मी त्यांना सांगितलं की यावरून मुलं शिकतात, गर्भाची वाढ कशी होते, कुठं चुकते ते कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिकून जालं की मंग पुरतात का?" शिकून कधीच होत नाही, दरवर्षी नवी मुलं येतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी परत काच पुसायला घेतली.

एका हिवाळ्यात कॉलेजनं आसपासच्या शाळांसाठी प्रदर्शन भरवलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठकुठल्या शाळा आल्या. संग्रहालयापुढे ही रांग! आणि सगळ्यांना एकच बरणी बघायची होती. काही मुली किंचाळून बाहेर पळत, पोरं काचेवर टिचक्या मारत, एकानं तर बरणीतल्या तोंडासारखं तोंड करून दाखवलं आणि सगळी रांग खदाखदा हसली. मी पोरांना दटावत होते, पण माझा आवाज कोणाला ऐकू जातो! तेवढ्यात दारातून पारूबाईंची आरोळी आली, "पला रं पला! नाग सुटला बरनीतून!"

पुढचं विचारू नका. शाळेच्या बाई टेबलावर चढल्या. रांग जिन्यावरून खाली गेली ती थेट रस्त्यावर. बरणीतला, कैक वर्षांपूर्वी मेलेला नाग सुटला यावर एवढ्या सुशिक्षित मंडळींनी विश्वास ठेवला. प्राचार्यांनी बोलावून पारूबाईंना झाडझाड झाडलं. बाहेर आल्या त्या गाल फुगवून. मला म्हणाल्या, "पोरं हसली त्याना. तुमी बगितलं ना? आपलं मेलं असतं आन कोन असं हसलं असतं तं?"

त्या दिवसापासून त्या सरांच्या मागे लागल्या. साधी मागणी होती, पोर मला द्या, मी पुरते. "आमच्या मोरिवलीला ओढ्याच्या वर जागा हाय. आमच्यात बारकी पोरं तिथंच पुरतात. माजा भाव खड्डा खनंल. कोनाला कलनार पन नाय, सर."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पारूबाईंना हाकलून दिलं नाही, समजावत बसले. "पारू, न इसका नाम, न गाव. किसकी बेइज्जती हो रही है, बता?"

"नाव नाय म्हनूनच तं, सर. नाव असतं तं कोनीतरी न्यायला आलं नसतं का?"

"इसको देखके मेरी कितनी लडकियाँ डॉक्टर बनी हैं."

"बनू द्या की. पन आता कवातरी त्याना झोपू द्या."

असं आठ-पंधरा दिवसांनी एकदा व्हायचंच. सर आपल्या जागी बरोबर होते. पारूबाई आपल्या जागी बरोबर होत्या. मी मध्ये बसून वह्या तपासायची आणि मला दोघांचंही पटायचं, त्यामुळे माझा कोणालाच उपयोग नव्हता. शेवटी एक दिवस सर वैतागले. पेन टेबलावर आपटून म्हणाले, "अरे बाबा, इसकी माँ आके बोले ना, कि ये मेरा है, तो मैं आज के आज दे दूँ! तू कौन है इसकी?"

पारूबाई निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी त्या चक्क वेळेवर आल्या. तिथंच मला संशय यायला हवा होता. सरांच्या समोर उभ्या राहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि म्हणाल्या, "सर, ते माजंच हाय."

आणि त्यांनी सांगितलं. विमलच्या आधीचं. सासूनं बाळंतपणाला नेलं. पोर रडलं नाही. खोलीत सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. "मी विचारलं, पोरगा का पोरगी? कोनी बोलंचना. परत विचारलं. तं सासू बोल्ली, तुला काय करायचंय? माना तोंड नाय दावलं. घरी आले तं दूध दाटलं. लुगडं भिजायचं, सर. मोरीत बसून पिलून टाकायचे." एवढंच. सासूची शेवटची सुकट नाही, पेटलेली बस नाही. "खोटं कशाला बोलू" हे वाक्यही नाही.

तलरेजा सरांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधत राहिले. मी तर सरळ रडत होते. इतकी वर्षं या बाईनं आपलं मूल पुसलं, झाकलं आणि आम्ही तिला गर्भाची वाढ समजावली! आयुष्यात त्यांच्या एका थापेवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. या थापेवर सगळ्या कॉलेजनं ठेवला.

"ले जा, पारू," सर म्हणाले. "शनिवारको ले जा. मैं प्रिन्सिपल से बात करता हूँ. मेरेको माफ कर."

शनिवारपर्यंत थांबले असते तर सगळं झालं असतं. पण सर पडले सज्जन. आपल्या हातून एका घराचं दुःख वर्षानुवर्षं लोकांना दाखवलं गेलं, तर त्या घरी जाऊन हात जोडायला नकोत? बापाला विचारायला नको? पारूबाईंना न सांगता ते गुरुवारी संध्याकाळी मोरिवलीला निघाले. मी बदलापूरला शिरगावात राहायची, अंबरनाथ वाटेतच, म्हणून मलाही म्हणाले, चल. सरांनी सफरचंदं घेतली.

पारूबाईंच्या ओटीवर चपलाच चपला. आत सतरंजी अंथरलेली, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये पोह्यांच्या बश्या. विमलची बोलणी चालली होती. मुलगा शिरगावचा, कंपनीत पर्मनंट. दोन-तीन ठिकाणी नकार खाऊन झाल्यावर जमत आलेलं स्थळ. विमल नवी साडी नेसून भिंतीला टेकून बसली होती. पारूबाई चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या आणि आम्हाला दारात बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघून हसले. मला काय ठाऊक!

सर सरळ नवऱ्यापुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "भाईसाब, आपका बच्चा मैंने इतने साल काँच में रखा. मेरेको मालूम नहीं था."

"कोनचा बच्चा?" नवरा म्हणाला.

"सर, चहा घ्या," पारूबाई म्हणाल्या. "चहा घ्या सर, मंग बोलू. बाहेर चला."

पण मुलाची आई पुढे सरकली होती. धिप्पाड बाई, गळ्यात ठसठशीत सोनं, बोलणं रोखठोक. "कसलं पोर? कंची काच? सांगा ना मास्तर." सरांना वाटलं, घरच्याच कोणी वडीलधाऱ्या. त्यांनी नीट, सावकाश, कोणालाही समजेल असं सांगितलं. मग त्या बाईंनी विचारलं, "असं डोक्याबिगर पोर कशानं होतं?" आता इथं तरी गप्प बसावं की नाही? पण जन्मभर शिकवलेलं. कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, आणि तेही प्रामाणिक. सर म्हणाले, "पक्का कारण मालूम नहीं, बहनजी. कभी कभी खानदान में होता है."

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. मग ती मंडळी एकेक करून उठली, चपला घालू लागली. सासू म्हातारी आपली विचारत होती, "पोहे नाय खाल्ले? कं जालं?" पारूबाईंच्या हातात ट्रे तसाच होता.

"खोटं हाय ते!" पारूबाई ओरडल्या. "माजं नाय ते पोर. मी थाप मारली सरांना!"

पण त्या वेळेला कोण ऐकतो.

पुढचे आठ दिवस त्या कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा बसून मला सगळं सांगितलं. मी विचारलं, "अहो, पण ते दूध दाटल्याचं, ते तोंड न दाखवल्याचं, ते कसं सुचलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "ते खोटं नाय, मॅडम. ते कोना ना कोनाचं जालंच हाय. माज्या बहिनीचं जालं, शेजारनीचं जालं. मी फकस्त माजं म्हनून सांगितलं."

शिरगावची मंडळी अगदीच मोडून टाकायला निघाली नव्हती. मुलाला विमल आवडली होती. मुलाच्या आईनं एक अट घातली. पारूबाईंनी त्या पोरासमोर उभं राहायचं, विमलच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि ते आपलं नाही असं बोलायचं. कॉलेजात नुसतं सांगून चालणार नाही, घरात देवापुढे सांगून चालणार नाही, त्या पोरासमोरच. "आई असंल तं त्याच्या तोंडावर बोलायची नाय," असं त्या बाईंचं म्हणणं. आणि खरं सांगू, या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. त्या बाईला तरी नावं कशी ठेवायची? तिला नातवंडं हवी होती, धडधाकट.

मी पारूबाईंना म्हटलं, "बोलून टाका. खरंच तर आहे. तुमचं नाहीच ते."

"हो," त्या म्हणाल्या. "खरंच हाय."

एका दुपारी त्या सगळ्या आल्या. मुलाची आई, तिची जाऊ, विमल आणि पारूबाई. सरांनी खोली उघडून दिली आणि ते बाहेर कॉरिडॉरमध्ये पाठ करून उभे राहिले. त्यांना घडलं ते सगळं कळलं होतं. मी दारात थांबले.

लुगड्याचा तुकडा मुलाच्या आईनंच काढला. बघितलं, तोंडाला पदर लावला, आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "बोला," ती म्हणाली. विमल मान खाली घालून उभी होती, तिचे खांदे हलत होते. पारूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बरणीकडे बघितलं. ज्या बाईला थाप मारताना कधी क्षणाचा विचार करावा लागला नाही, तिला हे एवढं खरं बोलायला शब्द सापडेना. ओठ हलायचे आणि मिटायचे. "आई, बोल ना गो," विमल रडत म्हणाली.

"तू माजं नाय," पारूबाई म्हणाल्या.

अटीप्रमाणे "ते माझं नाही" एवढं पुरे होतं. त्या त्यालाच बोलल्या.

मुलाच्या आईनं जाऊच्या पिशवीतला पुडा काढला. पेढे बरोबर घेऊनच आली होती, म्हणजे तिलाही मोडायचं नव्हतं. तिथंच, त्या फॉर्मॅलिनच्या वासात, तिनं पारूबाईंच्या तोंडात पेढा कोंबला. "सोयरीक पक्की," म्हणाली. पारूबाई गालात तो पेढा धरून उभ्या होत्या. गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

मी सरांशी बोलले. म्हटलं, सर, तुम्ही द्यायला तयार होता ना, मग आता काय बदललं? पोर तेच, बरणी तीच. सर फार दुखावले होते. एवढ्या वर्षांत कोणासमोर रडले नसतील, ते एका थापेवर रडले होते. पण ते रागानं बोलले नाहीत. "तब माँ थी. माँ के सामने मेरे पास जवाब नहीं था," ते म्हणाले. "अब किसको दूँ?" मी प्राचार्यांकडेही गेले. ते म्हणाले, मॅडम, कॉलेजची वस्तू अशी कोणालाही देता येत नाही. वस्तू! मी तावातावानं बरंच बोलले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत माझा वर्ग होता.

पारूबाईंनी वनस्पतिशास्त्र विभागात बदली मागून घेतली. संग्रहालयाच्या बाजूचा जिनाही त्या टाळायच्या, लांबच्या जिन्यानं चढायच्या. नवा अटेंडंट फार व्यवस्थित मुलगा होता. काचा लख्ख पुसायचा आणि झाकाझाकीच्या भानगडीत पडायचा नाही. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या पारूबाई एवढ्या थापा मारतात म्हणून ऐकलं होतं. आमच्याकडे तर तोंड उघडत नाहीत."

विमलचं लग्न वैशाखात झालं. मी गेले होते, सरही आले होते, त्यांनी विमलला टेबलफॅन दिला. मोरिवलीत दारापुढे मांडव, म्हाताऱ्या धवलारणी लग्नाची गाणी गात होत्या, पोरं बँडपुढे नाचून दमली होती. विमल छान दिसत होती. मुलाची आई सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती, मलाही बळेच दोन जिलब्या वाढल्या. पारूबाई दिसेनात म्हणून मी शोधत मांडवाच्या मागे गेले. त्या खरकट्या पातेल्यांच्या जागी एकट्या उभ्या होत्या, नव्या लुगड्यात.

"काय हो, इथे काय करताय? पोरगी निघाली."

"जाते, मॅडम." पण हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते हाय ना अजून?"

"आहे."

"मेलेलं पोर ऐकत असंल का हो? तुमी शिकलेल्या, सांगा."

नाही ऐकत, पारूबाई, मेलेलं कोणी काही ऐकत नाही, असं मी ठामपणे सांगितलं. तेवढंच मला सांगता येण्यासारखं होतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही.

"आदीच ते कोनाचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आन मी त्याच्या तोंडावर जाऊन सांगितलं."

पुढून हाका यायला लागल्या, पारूबाय, अगो पारूबाय, नवरी थांबलीय. त्या गेल्या. विमल गळ्यात पडली आणि पारूबाईंनी जो हंबरडा फोडला तो ऐकून बँडवाले थांबले. विमलच घाबरली, आईला धरून सावरू लागली. बायांनी पारूबाईंना धरलं. व्याहीण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगो, असं कं करतंस? शिरगाव कं लांब हाय? सांजच्याला येशील आन जाशील. माजीच पोरगी म्हनून ठेवीन तिला." पारूबाई मान हलवत "नाय, नाय" म्हणत होत्या, आणि बाया त्यांना शिरगाव किती जवळ आहे ते सांगत होत्या.